लोड घेऊन चढाला टकटक, रिकाम्या गाडीला नाही: इंजिन उतरवण्याआधी काय तपासावं?

हौदा_भरून

पिकअप आहे. २.५ लिटर, ४ सिलेंडर, कॉमन रेल टर्बो डिझेल, १,४०,००० किमी झालेली. व्हीलबेस ३ मीटर, पासिंग लोड १५०० किलो. आवाज दोन आहेत.

पहिला आवाज बोनेटखालचा. लोड घेऊन चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान टक-टक-टक असा कोरडा आवाज येतो. रेस सोडली की त्याच क्षणी बंद. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर रिकाम्या गाडीलाही तो चार-पाच मिनिटं बारीक ऐकू येतो, मग जातो.

दुसरा आवाज खालून. लोड असताना ताशी ४०–४५ किमीच्या आसपास घुर्रर्र होतं आणि सीटखाली थरथर जाणवते. रिकाम्या गाडीला हा अजिबात नाही.

ऑइल १५डब्ल्यू-४०, बदलून ४००० किमी झाले, लेव्हल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. टेम्परेचरचा काटा निम्म्यावर, ऑइलचा दिवा पेटत नाही. चढाला काळा धूर पूर्वीपेक्षा थोडा जास्त आहे. ‘बिग एंडचं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल’ असा सल्ला मिळालाय (बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकशाफ्टवर बसणारं टोक). ते करण्याआधी काय काय तपासून खात्री करता येईल? माल बहुतेक सिमेंटच्या ३० गोण्या, अधूनमधून ओली वाळू हौदा भरून. हौदा २.५ × १.७ मीटर, फाळके ४० सेंमी उंच.

---

बारा_तेरा

इंजिन इतक्यात उतरवू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच बरंचसं उत्तर आहे, आणि ते बिग एंडच्या बाजूचं नाही.

कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ती) गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टरचं डिझेल बंद करतो. सिलेंडरमध्ये जळणच होत नाही, चाकं इंजिनला फिरवत राहतात. म्हणजे आरपीएम तेवढाच, पण गॅसचा दाब गेला. त्या क्षणी आवाज कापल्यासारखा थांबत असेल, तर तो गॅसचा किंवा जळण्याचा आवाज आहे. बिग एंडचं बेअरिंग ढिलं असेल तर रेस सोडताना ठोका उलट जास्त उघडा पडतो, कारण रॉडवरचा ताण एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातो. शिवाय तो ठोका जड असतो, लाकडावर हातोडी मारल्यासारखा. आणि इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की वाढतो. तुमचा आवाज गरम झाल्यावर कमी होतोय.

यातून माझे संशयित दोन: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलेंडरांतला जळका गॅस गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीची) गळती, किंवा इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरची गळती. दोन्ही लोडवर वाढतात. फरक एवढाच की मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट थोडी मिटते, म्हणून थंडीतला आवाज काही मिनिटांनी कमी होतो. वॉशरची गळती थंड-गरम दोन्हीला सारखी राहते. त्यामुळे पहिला संशय मॅनिफोल्डवर.

आता तपासणी. एक मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं टोक सांध्यांजवळ फिरवा. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायची सवय सगळ्यांना असते, पण गॅस गळत असेल तर ती फसवते. सळई धातूतला आवाज आणते, नळी हवेतला. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा आणि पहिल्या दोन मिनिटांतच एकेका पोर्टच्या सांध्यावरून नळी न्या. गळती असेल तिथे नळीतून फट्-फट् असा ठोसा कानावर येतो. नळी, बाही, ओढणी फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा.

डोळ्यांनीही दिसतं. हीट शील्डचे बोल्ट काढून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर काजळीचा पंखा पसरलाय का बघा. दोन्ही टोकांचे, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या सिलेंडरचे स्टड (हेडमध्ये रुतवलेले, डोकं नसलेले बोल्ट) आधी बघा. नट जागेवर दिसतो, पण बोटाने ढकलल्यावर स्टडसकट हलतो, म्हणजे आत तुटलेला आहे. तरी दिसलं नाही तर इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावून कापडाने तोंड बंद करा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. गरम मॅनिफोल्डवर पाणी कधीच मारू नका, बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

वॉशरसाठी: इंजेक्टर ज्या खळग्यात बसतो तिथे डांबरासारखा काळा, कडक थर दिसतो का बघा. साफ खळग्यात चमचाभर डिझेल टाकून इंजिन चालू केलं की गळका वॉशर फेस काढतो. वॉशर गळत असेल तर दिरंगाई करू नका. गरम गॅस तिथली सीट खातो आणि कार्बन साठून इंजेक्टर हेडमध्ये असा जाम बसतो की काढताना हेडच उतरवायची वेळ येते.

तिसरी शक्यता एखादा इंजेक्टर बिघडलाय, तिचा पहिला अंदाज लीक-ऑफ (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) बघून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या, खुणा केलेल्या बाटल्यांत सोडा, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करा, इंजिन मिनिटभर आयडलिंगला चालवा. चारही जवळजवळ सारखे हवेत. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर बाहेर काढून टेस्ट बेंचला द्या. मात्र लीक-ऑफ बरोबर आला म्हणून नोझल चांगलं असं सिद्ध होत नाही. नोझल गळतंय का ते बेंचवरच कळतं, किंवा स्कॅनरमधल्या सिलेंडरनिहाय करेक्शनच्या आकड्यांवरून अंदाज येतो.

एक गोष्ट कुणी सांगितली तरी करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनवर इंजेक्टरचा युनियन नट ढिला करून कोणता सिलेंडर वाजतो ते शोधायचे. कॉमन रेलमध्ये आयडलिंगलाच २५०–३०० बार दाब असतो, लोडवर १४००–१६०० बार किंवा त्याहून जास्त. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात कापायची वेळ येते. कधी असं झालंच तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. सिलेंडर बंद करून बघायचा असेल तर स्कॅनरने करा. चालू इंजिनवर इंजेक्टरचा प्लगही ओढू नका, तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं.

आणि बिग एंडची शंका मनात राहू नये म्हणून ऑइल प्रेशर स्विचच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावून इंजिन पूर्ण गरम असताना मोजा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम, पण ढोबळ मानाने गरम आयडलिंगला १ बारच्या वर आणि २००० आरपीएमला २ बारच्या वर असेल तर घाबरायचं कारण नाही. डॅशबोर्डवरचा दिवा फार उशिरा पेटतो, त्याच्यावर विसंबू नका. पट्टीवरच्या ऑइलला डिझेलचा वास येतोय का, लेव्हल आपोआप वाढतेय का, हेही बघा. डिझेलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

---

सेंटर_बेअरिंग

दुसऱ्या आवाजाबद्दल लिहितो. तो इंजिनचा नाही, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येईल, फक्त एकदा पडताळून घ्या. सपाट, मोकळ्या रस्त्यावर लोडसह ४२–४३ च्या वेगाला आवाज आला की वेग तोच ठेवून गिअर बदला. आरपीएम बदलला तरी घुरघुर त्याच वेगाला राहिली, तर ती गिअरबॉक्सच्या मागची आहे. आरपीएमबरोबर सरकली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंगची.

लोड असतानाच का? रिकाम्या गाडीत मागचं हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) पाट्यांच्या कमानीमुळे खाली असतं. माल भरला की पाटे सपाट होतात, हाउसिंग चेसिसच्या जवळ येतं आणि पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचं, तोंड थोडं फिरतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवरचे (वळत्या सांध्यांवरचे) कोन सारखे असतील तर एका क्रॉसने आणलेला वेगातला चढउतार दुसरा पुसून टाकतो. कोन बिघडले की तो चढउतार उरतो, शाफ्टच्या एका फेरीत दोन वेळा, आणि तो तुम्हाला सीटखाली जाणवतो. क्रॉस किंवा सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मध्ये धरणाऱ्या बेअरिंगचं) रबर झिजलेलं असेल तर रिकाम्या गाडीत झाकून राहिलेला दोष लोडवर बाहेर येतो.

गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून ओट लावून, न्यूट्रलमध्ये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. शाफ्ट दोन हातांनी धरून उलटसुलट फिरवा. डिफरन्शियलमधली थोडी मोकळीक सगळ्या गाड्यांत असते. तुम्हाला बघायचंय ते क्रॉसच्या कपात (टोकावरच्या वाटीत) खेळ आहे का: एक अंगठा योकवर (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यावर) आणि दुसरा कपावर ठेवला की कळतो. कपाभोवती गंजाची लालसर भुकटी दिसली तर आतले रोलर कोरडे पडलेत, तो क्रॉस बदलायचा, ग्रीस मारून वाचत नाही. सेंटर बेअरिंगचं रबर आतल्या कडेने फाटतं, वरून चांगलं दिसतं. शाफ्ट वर उचलून दाबा, रबर तडकलेलं असेल तर फट उघडते.

क्रॉस चांगले असतील तर ग्रीस इतकं मारा की चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसायला लागेल. एका कपातून येत नसेल तर तो कप बंद पडलाय. शाफ्ट खोलायची वेळ आली तर आधी सरकणाऱ्या जोडावर आणि फ्लँजवर पांढऱ्या पेंटने खुणा करा. स्प्लाइन एक-दोन दात चुकून बसवली की दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत आणि नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते. हा घोटाळा फार वेळा होतो आणि मग दोष भलत्याच पार्टवर जातो.

---

हौदा_भरून

तपासणी झाली, निकाल देतो.

रबरी नळीने चौथ्या सिलेंडरच्या मागच्या टोकाला फट-फट स्पष्ट ऐकू येतं. पहिल्या दोन मिनिटांत जोरात, पाचव्या मिनिटाला बारीक. हीट शील्ड काढल्यावर तिथे काजळी, आणि मागचा खालचा स्टड हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटलेला. इंजेक्टरचे खळगे कोरडे, फेस नाही. लीक-ऑफ एका मिनिटाला २२, २४, २१, २३ मिली. ऑइल प्रेशर गरम आयडलिंगला १.४ बार, २००० आरपीएमला ३.२. ऑइलला डिझेलचा वास नाही.

खालच्या बाजूला सेंटर बेअरिंगचं रबर अर्धवट फाटलेलं सापडलं. क्रॉसमध्ये खेळ नाही, चारही कपांतून ग्रीस निघालं.

आता दोन प्रश्न. सपाट तुटलेला स्टड हेड न उतरवता काढता येतो का? आणि तो मुळात का तुटला असावा? त्यात लोडचा संबंध आहे का?

---

काट्यावर

लोडचा संबंध आहे. सगळा नाही, पण मोठा.

आधी वाळू. तुमचा हौदा २.५ × १.७ × ०.४ म्हणजे १.७ घनमीटर. ओली वाळू घनमीटरला साधारण १८०० किलो धरा. फाळक्यापर्यंत भरली की ३०६० किलो होते, पासिंगच्या दुप्पट. १५०० किलोला ओली वाळू हौद्यात फक्त २० सेंमी थर होते, फाळक्याच्या निम्म्यापर्यंत. फाळक्याच्या आतल्या बाजूला पेंटने रेघ मारून ठेवा, भरणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही. हौदा किती भरला यावरून वजन ठरवायची सवय कोरड्या भुश्याला चालते, वाळू-खडीला नाही.

आता इंजिनला हे कसं लागतं ते बघा. गाडी आणि माल मिळून ३००० किलो, ८ टक्के चढ, ताशी ३० किमी. चढाचा आणि टायरचा विरोध धरून चाकांवर सुमारे २३ किलोवॅट लागतात. गिअरबॉक्स आणि हाउसिंगमधली घट धरली की इंजिनने २६ द्यायचे. तुमच्या प्रकारच्या इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास धरला तर १५०० आरपीएमला ते जास्तीत जास्त ३१ किलोवॅट देतं. म्हणजे योग्य लोडवरसुद्धा तिसऱ्या गिअरमध्ये ते जवळजवळ पूर्ण रेसवर झगडतंय. वाळू भरलेली गाडी ४६०० किलो. तिला त्याच चढाला ४० किलोवॅट हवेत, ते १५०० आरपीएमला मिळूच शकत नाहीत. गाडी आरपीएम गमावते, तुम्ही रेस अजून दाबता, टर्बो पुरेशी हवा देत नाही, डिझेल अर्धवट जळून काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. ते सगळं मॅनिफोल्ड आणि त्याच्या स्टडवर जातं.

उपाय साधा: दुसरा गिअर आणि २०००–२४०० आरपीएम. २२०० ला तेच इंजिन टॉर्क टिकवून असेल तर ४६ किलोवॅट देतं. आवाज मोठा होतो म्हणून अनेकांना वाटतं की इंजिनवर ताण आला. प्रत्यक्षात दर फेऱ्यामागे सिलेंडरमधला दाब कमी झालेला असतो, ऑइल पंप आणि वॉटर पंप जास्त फिरतात, टर्बो भरपूर हवा देतो. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली टाका, मध्यावर इंजिन दमल्यावर नाही. मध्यावर टाकताना हाफ क्लच लागतो आणि क्लच प्लेट तिथेच जळते. रेसचं पेडल पूर्ण दाबून ठेवायचं नाही, आणि दाबल्यावर आरपीएम वाढत नसेल, तर अजून एक गिअर खाली या.

लांब चढ संपल्यावर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा. टर्बोचा शाफ्ट ऑइलवर तरंगत फिरतो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि टर्बाइनची उष्णता बेअरिंगमधल्या ऑइलचा कोळसा करते.

उतारालाही तोच हिशेब उलटा लागतो. ३००० किलो, ८ टक्के, ताशी ३०: सुमारे १६ किलोवॅट सतत कुठेतरी घालवावे लागतात. सगळे ब्रेकवर टाकले तर एक किलोवॅटच्या सोळा शेगड्या चार चाकांत पेटवल्यासारखं आहे. ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा. गाडी वेग घेऊ लागली तर ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणा आणि सोडा, हलका पाय ठेवून घासत राहू नका. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा विचारही नको. रेस सोडून गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर तसेही बंद असतात, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं डिझेल जळतं.

गोण्यांची मांडणी. फाळका उघडला की हाताला याव्यात म्हणून गोण्या मागे रचतात. मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंमी मागे गेला तर १५०० किलोत पुढच्या अ‍ॅक्सलवरचे १५० किलो उचलले जातात आणि मागच्यावर १६५० पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक लवकर लॉक होतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तोच मध्य अ‍ॅक्सलच्या ४० सेंमी पुढे आणला तर पुढे २०० वाढतात आणि मागे १३०० राहतात. गोण्या केबिनला टेकवून सुरू करा, रिकामी जागा मागे सोडा, आणि शेवटच्या रांगेला आडवी दोरी किंवा रॅचेट पट्टा मारा. वजनकाट्यावर एकदा पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं असं दोनदा वजन करा आणि चेसिस प्लेटवरच्या अ‍ॅक्सलच्या आकड्याशी ताडून बघा. एकूण वजन बरोबर आणि मागचा अ‍ॅक्सल ओव्हर, असं सहज होतं.

टायरची हवा प्लेटवर लिहिलेल्या लोडच्या आकड्याइतकी, थंड टायरला. वाटेत गरम टायरची वाढलेली हवा काढायची नाही.

---

बारा_तेरा

आकडे चांगले आलेत. बिग एंडचा विषय संपला, लीक-ऑफही जुळतोय.

स्टड टोकाचाच का तुटतो? मॅनिफोल्ड ४० सेंमी लांब धरा. लोडवर ते ५०० अंशांनी तापलं तर बीड सुमारे २.२ मिमी लांबतं. हेड पाण्याने थंड राहतं, ते अर्धा-पाऊण मिमीच वाढतं. उरलेला दीड मिमीचा फरक मधल्या स्टडला जाणवत नाही, टोकांच्या स्टडना दर खेपेला वाकवतो. म्हणूनच टोकाची भोकं मोठी ठेवलेली असतात. त्यांत बुश घालून किंवा जाड बोल्ट मारून ती जाम करू नका.

पण मागचाच का, याचं कारण शोधा, नाहीतर नवाही तुटेल. टर्बोखालचा आधाराचा ब्रॅकेट जागेवर आहे का? एक्झॉस्ट पाइपचे हँगर रबर तुटून सायलेन्सरचं वजन पुढे लटकतंय का? इंजिन माउंटिंग बसलंय का? हँडब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडत इंजिन किती उचललं जातं ते दुसऱ्याला बाजूला उभं राहून बघायला सांगा, गाडीसमोर नाही. आणि फ्लेक्झिबल पाइपची जाळी कडक झालीय का बघा. ती लवचिक नसेल तर इंजिनची प्रत्येक हालचाल स्टडवर जाते.

हेड न उतरवता स्टड निघतो, फक्त मॅनिफोल्ड टर्बोसकट बाहेर काढावं लागतं. बाकीचे नट खोलायच्या आदल्या रात्री आणि सकाळी गंज सोडवणारं ऑइल मारा. नट सुटत नसेल तर जोर वाढवू नका, आधी थोडा घट्ट करा, मग सोडा, असं पुढेमागे. टर्बोची ऑइल लाइन काढली की दोन्ही तोंडांना स्वच्छ टोपी लावा. खड्याचा कण आत गेला तर टर्बो संपला.

सपाट तुटलेल्यावर पहिला प्रयत्न वेल्डिंगचा. स्टडच्या मापाचा नट भोकावर मधोमध ठेवून आतून स्टडला वेल्ड भरायचा. पकड बसणं हा त्याचा एक फायदा. दुसरा आणि मोठा म्हणजे वेल्डची उष्णता स्टड आणि हेडमधला गंज तोडते. लाली गेली की नट पुढेमागे हलवत काढा. पहिल्यांदा नटच तुटून आला तर पुन्हा लावा, तीन-चार प्रयत्न लागतात. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा आणि अर्थिंग स्टडच्या जवळ हेडवरच घ्या, नाहीतर ईसीयू आणि बेअरिंगमधून करंट जातो. जवळच्या डिझेलच्या नळ्या पुसून ओल्या कापडाने झाका आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा.

ते जमलं नाही तर ड्रिल. एम ८ चा स्टड असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ३ मिमी, मग ५, मग ६.५. मध्य चुकला तर हेडचे आटे जातात, म्हणून मॅनिफोल्डचंच शेजारचं भोक वापरून बुशचा गाइड करा, हाताने अंदाजाने नको. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो ड्रिलने कापला जात नाही, म्हणून अगदी शेवटी आणि हलक्या हाताने. आटे गेलेच तर एम ८ ची थ्रेड इन्सर्ट बसवता येते.

बसवण्याआधी मॅनिफोल्डच्या तोंडांवर लोखंडी पट्टी धरून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) लावा. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली नसेल तर ०.२ मिमीचं पान सहज शिरलं की प्लेनिंग करून घ्या. वाकडं मॅनिफोल्ड नव्या गॅस्केटवर दाबून सरळ करायला गेलं की नवा स्टड पहिल्याच आठवड्यात तुटतो. गॅस्केट नवं, स्टड सगळे नवे (एक तुटला म्हणजे बाकीचे तेवढेच थकलेले आहेत), नट उष्णता सोसणारे लॉकिंगचे. मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. एम ८ ला सहसा २०–२५ न्यूटन-मीटर, मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच. टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये स्वच्छ ऑइल भरून मगच लाइन जोडा. पहिल्या स्टार्टनंतर रेस न देता मिनिटभर आयडलिंग.

चढाचा काळा धूर या गळतीनेही येतो. टर्बोला फिरवायचा गॅस वाटेतच निसटतो, हवा कमी पडते. दुरुस्तीनंतरही धूर राहिला तर इंटरकूलरच्या नळ्या बघा. क्लॅम्पपाशी ऑइलचा ओलावा आणि लोडवर शूऽऽ असा आवाज ही खूण. त्यानंतर एअर फिल्टर.

---

हौदा_भरून

हँगर रबर दोन्ही तुटलेले निघाले, सायलेन्सर पुढच्या पाइपवर लटकलेला होता. ब्रॅकेट आणि माउंटिंग ठीक आहे. स्टड, गॅस्केट, रबर आणि सेंटर बेअरिंग एकत्रच करतो. एक शेवटचं: मागे प्रत्येक बाजूला एक पाटा वाढवला तर लोडवर गाडी बसणार नाही आणि शाफ्टचा कोनही सुधारेल, असं सुचवलं जातंय. करावं का?

---

सेंटर_बेअरिंग

१५०० किलोवर गाडी रबर स्टॉपरला टेकत असेल, किंवा पाटे उलटे वाकत असतील, तर पाटे थकलेत. ते बदला किंवा कमान पुन्हा मारून घ्या. टेकत नसेल तर वाढवू नका. जास्तीचा पाटा रिकाम्या गाडीत हाउसिंग आणखी खाली ढकलतो, मग थरथर लोडऐवजी रिकाम्याला सुरू होते.

---

काट्यावर

सहमत, आणि त्यात भर. पाटा वाढला तरी हाउसिंग, हबची बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात, म्हणून पासिंग वजन एक किलोनेही वाढत नाही. गाडी बसलेली दिसत नाही, त्यामुळे ओव्हरलोड झालाय हे डोळ्याला कळायचं बंद होतं, ही जास्त मोठी अडचण. शिवाय मागच्या ब्रेकचा दाब हाउसिंग किती खाली-वर आहे त्यावरून ठरवणारा व्हॉल्व्ह तुमच्या गाडीत असेल, तर कडक पाट्यांमुळे त्याला भरलेली गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याचा दांडा पुन्हा सेट करावा लागतो.

आहेत त्या पाट्यांचे यू बोल्ट मात्र लोड भरलेल्या अवस्थेत, टॉर्क पान्याने तपासून घ्या. ते ढिले असतील तर मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि हाउसिंग एका बाजूला मागे सरकतं. डाव्या-उजव्या बाजूला पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर टेपने मोजलं की सरकलंय का ते लगेच कळतं. पाटे कधी खोललेत तर ५०० किमीनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे.